पाताळगंगेकाठची पाव्हणी

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. कोयनेचा भूकंप होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि अजूनही कुठे भांडं पडलं की माणसं दचकून अंगणात धावत. त्या माघात सुगंधा खडकीहून खोपोलीला आत्याकडे आली. वय वीस. पुण्याच्या टेलिफोनमध्ये नोकरी लागल्याचं पत्र ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं. हजर व्हायच्या आधी चार दिवस नदीकाठची जत्रा बघून यावी, एवढाच तिचा विचार होता.

आत्या म्हणजे ठकूबाई. नवरा लवकर गेलेला, पदरी एकुलती एक मुलगी, आवडी. आवडी एकोणीस वर्षांची, गालावर खळी आणि डोक्यात सदा काहीतरी शिजत असलेलं.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं दोघींना हाक मारली. हातात दोन वेण्या होत्या.

"ही अबोलीची आवडीला. आन् ही शेवंतीची तुला गं, सुगंधा. आन् ऐका, दोन वाजता पारूबाईच्या पोपटीपाशी उभ्या ऱ्हावा. इकडंतिकडं हुंदडू नका."

"तिथंच का?" आवडीनं विचारलं.

"मी सांगते म्हनून!"

वाटेत आवडीनं एकदम थांबून आपल्या केसातली वेणी काढली.

"सुगंधे, तुला अबोली किती शोभेल गं! दे ती शेवंती इकडं."

"अगं, आत्यानं..."

"आई काय वेण्या मोजत बसलीये? फिर तिकडं तोंड."

सुगंधाला वाटलं, किती मायाळू पोर आहे! आणि जत्रेच्या तोंडाशी पोचतात न पोचतात तोच ती मायाळू पोर गर्दीत दिसेनाशी झाली.

पाताळगंगेचा तो काठ एरवी सुनसान असे. जत्रेत मात्र नदीच्या दोन्ही अंगांना गावच वसे. अलीकडे खाण्याचा बाजार. तव्यावर फुगणाऱ्या तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं लालभडक कालवण, गोडी शेव, भजी, आणि त्याच्या टोकाला सुकटीची पालं, वारा फिरला की नाकाला पदर लावायला लावणारी. पलीकडे नाटकाचा तंबू, भजनाचा मांडव, पाळणे. मधून नदी, आणि नदीत पाय ठेवून जायला ओळीनं मोठे दगड. माघात इतर नद्या आटलेल्या असत, पण हिला वरच्या वीजघरातून सुटलेलं पाणी मिळे. पाणी सुटलं की दगड बुडत, थांबलं की पुन्हा वर येत. गावातल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे.

पारूबाईनं पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरलेलं मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती जाळ केला होता. सुगंधा त्या उग्र, गोडसर वासात उभी राहून बघत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

"तुमी... पाव्हणी ना?"

तिनं वळून पाहिलं. पांढरा सदरा, उंच, सावळा, आणि नखांत निळा रंग.

"हो," ती हसून म्हणाली. "पाहुणीच."

तो एवढा मोकळा हसला की तिला कळेना, एवढं काय बोललो आपण!

"मी सहदेव. कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवतो. मग... चला, दाखवतो सगळं."

खडकीत असं कुणी बोलावलं असतं तर तिनं चप्पल काढली असती. पण पारूबाई गालात हसत म्हणाली, "जा गं बाय, चांगल्या घरचा हाय त्यो. पोपटी शिजंस्तोवर फिरून ये." पाहुण्यांना जत्रा दाखवायची इथे पद्धतच असेल, असं सुगंधाला वाटलं.

पद्धत मात्र जरा विचित्रच होती.

"भाकरी थापून करता की हातावर?" दहा पावलं गेल्यावर त्यानं विचारलं.

"थापून. का? भाकरीचं दुकान आहे का तुमचं?"

"नाय, नाय... सहज. आई हातावर करते. पण ती शिकवंल."

"कुणाला?"

"म्हणजे... ज्याला शिकायचं आसंल त्याला." तो गोंधळला. मग पुन्हा धीर करून म्हणाला, "आई जरा बोलकी हाय, पण मनात काय नसतं तिच्या."

"बरं," सुगंधा म्हणाली. जत्रा बघायला आले मी, याच्या आईचं काय? पण त्याच्या बोलण्यात असा काही सच्चेपणा होता की तिला चेष्टा करवेना... थोडीशीच केली.

"आणि बाबा? तेही बोलके?"

"ते बोलत नायत. आईच्या पुढं कोण बोलणार?"

दोघंही हसली. दगडांवरून जाताना तो पुढे, ती मागे. मधल्या दगडावर ती अडखळली तेव्हा त्यानं हात पुढे केला, आणि मग हात धरावा की नाही हे न कळून तो तसाच हवेत ठेवला. शेवटी तिनंच धरला.

तंबूत नाटकाचे पडदे टांगले होते. त्यातला बागेचा पडदा त्यानं स्वतः रंगवलेला. कारंजं, संगमरवरी कमान, आणि तळ्यात...

"बदक छान आहे," ती म्हणाली.

"हंस हाय तो."

"मान आखूड आहे हो त्याची."

"कापड संपलं वर," तो ओशाळून म्हणाला. मग तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "खरं बोललात तुमी. बाकी सगळे म्हणतात, वा, काय हंस!"

बाहेर आली तर नदी फुगलेली. दगड पाण्याखाली.

"पाणी सोडलं वाटतं," तो निवांतपणे म्हणाला. "तासाभरात उतरंल."

"तासभर! आणि मग मी काय करू?"

"माझ्याशी बोला."

ती बोलली. नोकरीचं सांगितलं, कानाला यंत्र लावून गावोगावची माणसं जोडून द्यायची, ते. तो चमकला. "नोकरी? हे आमाला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्हाला कोण सांगणार?"

"ते पण खरंच..." तो खाली वाळूत काडीनं काहीबाही रेघा ओढत राहिला. "जायलाच पायजे का?"

"जाणारच. का जाऊ नये?"

"जा की," तो म्हणाला. "चित्र काढणाऱ्यानं दुसऱ्याचा हात धरून ठेवू नये." आणि मान वर करून एकदम म्हणाला, "माझ्याकडून होकार हाय."

"कशाला?"

पण पाणी उतरलं होतं, दगड ओले चमकत होते, आणि तो लाजून भराभरा पुढे निघाला होता. अलीकडे आल्यावर पारूबाईकडची गरम पोपटी पानात बांधून त्यानं तिच्या हातात दिली, म्हणाला, "आईला सांगतो," आणि गेला.

आईला काय सांगतो? शेंगा सोलत सुगंधा उभी राहिली. शेंगांची चव पुढे कितीतरी वर्षं तिच्या जिभेवर होती, पण त्या घटकेला तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. फक्त हाताला नदीची ओल होती, आणि ती पुसू नये असं वाटत होतं.

दिवेलागणीला घरी गेली तर आत्या दारातच. हातात साखर.

"तोंड गोड कर गं! आवडीचं जमलं. जानकीबाईचा निरोप आला आत्ताच. त्यांच्या ल्योकानं जत्रंत आवडीला पाहिलं, पसंत हाय. उद्या सकाळी सुपारी फोडायला येत्यात. कर्जतच्या शाळंत मास्तर हाय, सहदेव. दोन वर्सं चपला झिजवल्या मी या स्थळापायी!"

साखर सुगंधाच्या जिभेवर तशीच राहिली.

सहदेव? आवडीला पाहिलं? कधी? मग आपल्याशी तासभर... ते भाकरीचं, आईचं, हात धरण्याचं काय होतं? दुसरीला होकार देऊन हा माणूस आपल्याशी गोड बोलत होता?

परसात आवडी पायरीवर रडत बसली होती.

"मला त्यानं पाहिलंच नाय गं! मी तर नामाबरोबर सुकटीच्या पालाकडं होते." नामा म्हणजे सुकटवाल्याचा मुलगा. "आईचं बोलणं मी ऐकलेलं. अबोलीची वेणी ही खूण ठरली होती. म्हणून तर तुला माळली. म्हटलं, तो तुला बघंल, तू चार इंग्रजी शब्द बोलशील, तो घाबरून नाय म्हणंल..."

"आवडे!"

"आन् त्यांच्यात पाहणं होईपर्यंत मुलीचं नाव काढत नायत. नुसतं 'पाव्हणी' म्हणतात."

सुगंधाच्या डोळ्यांपुढे ती नदी, तो निळा रंग लागलेला हात, आणि तो प्रश्न उभा राहिला. तुमी पाव्हणी ना? हो, पाहुणीच.

म्हणजे तो तिच्याशीच बोलत होता. पण कुणाशी? तिच्याशी, की त्या वेणीशी? वेणी आवडीच्या डोक्यात असती तर तो आवडीलाही असाच हसला असता का?

"तू सांग ना आईला," आवडी म्हणाली.

"काय सांगू? की तुझ्या मुलीचं स्थळ मी पळवलं? तू सांग."

"मी सांगितलं तर ती नामाचं विचारंल. माझी टांगच तोडंल."

त्या रात्री दोघीही कूस बदलत राहिल्या. सकाळी उठून सुगंधानं ट्रंक भरली. दहाच्या गाडीनं कर्जत, तिथून पुणे. आत्यानं दोन वर्षं मिळवलेलं स्थळ आपण मोडायचं नाही, एवढंच तिला स्पष्ट दिसत होतं. बाकी सगळं त्या फुगलेल्या नदीसारखं. दगड कुठे आहेत तेच कळेना.

पण पाहुणे नवाच्या आधीच आले. ती ट्रंक घेऊन स्वयंपाकघरात अडकली.

बाहेर जानकीबाईंचा आवाज घरभर. मग आवडीच्या बांगड्या वाजल्या. चहाची बशी ठेवल्याचा आवाज.

"आई," सहदेवचा आवाज आला. "ही पाव्हणी नाय."

"आसं काय करतोस रं? वेणी तीच होती, मी बांगड्यांच्या दुकानातनं बघितली की!"

"वेणी बघितलीस. तुला लांबचं दिसतं कुठं?"

"आवो, बरोबर बोलत्यात मास्तर," आत्या घाईघाईनं म्हणाली. "ही पाव्हणी कशी आसंल? ही माजी पोर, आवडी. पाव्हणी म्हंजे माजी भाची, ती काय आत ट्रंक घेऊन बसलीय. दहाच्या गाडीनं चाललीय ती!"

"मग मला पाव्हणीच पसंत हाय," सहदेव म्हणाला. "माफ करा, आत्याबाई. तुमच्या मुलीत काय खोट नाय. पण मी हंस दाखवला, आन् जिनं बदक म्हटलं... तीच."

स्वयंपाकघरात सुगंधानं ट्रंकेची कडी घट्ट धरली. मागच्या दारानं बाहेर पडलं तर गाडी मिळत होती. आत्याचं तोंड बघावं लागलं नसतं. पण तो वेणीशी बोलला नव्हता... कडी सोडून ती बाहेर आली.

"आत्या, मला माहीत नव्हतं गं. खरंच सांगते. ते 'पाव्हणी ना' म्हणाले, म्हणून मी हो म्हणाले."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग आवडीकडे. आवडीच्या चेहऱ्यावर अश्रू नव्हते, खळी होती. आत्याला माणूस ओळखायला वेळ लागत नसे.

"वेणी कुणी बदलली?"

"मी," आवडी पुटपुटली.

"का?"

आवडीनं नामाचं नाव घेतलं. आत्या मटकन खाली बसली. थोड्या वेळानं जानकीबाईच हसायला लागल्या, एवढ्या की त्यांचा चष्मा... चष्मा नव्हताच त्यांना, तो त्या दिवशीच घ्यायचं ठरलं.

"पण मला परवा नोकरीवर हजर व्हायचंय," सुगंधा सहदेवला म्हणाली. "ते मी सोडणार नाही."

"मी कुठं सोडा म्हणतोय?" तो म्हणाला. "कर्जतच्या पोस्टात फोन हाय. तुमी जोडून द्या, मी बोलंन."

दहाच्या गाडीनं ती गेलीच. ट्रंक त्यानं कर्जतपर्यंत पोचवली.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सुगंधानं पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, मग बदली मागून कर्जतला आली आणि तिथूनच निवृत्त झाली. भाकरी ती अजूनही थापूनच करते. जानकीबाईंनी चष्मा लागल्यावर पहिल्यांदा सुनेला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या वेणीनं बरोबर निवडली!" ठकूआत्या आवडीशी दीड वर्ष बोलली नाही. नातू झाल्यावर मात्र जावयाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी सुकटीच्या भावावरून तीच सगळ्यांत जास्त भांडू लागली. आवडी आणि नामाची खालापुरात आता दोन दुकानं आहेत. बागेचा पडदा वाळवीनं खाल्ला. हंसाचा तुकडा तेवढा वाचला, तो सुगंधाच्या ट्रंकेवर अंथरलेला आहे.

सहदेव गेला त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या महिन्यात त्याला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. एका दुपारी तो उशीवरून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुमी... पाव्हणी ना?"

त्याला नाव आठवत नव्हतं, की तो जुनी चेष्टा करत होता, हे तिला आजही ठरवता येत नाही.

"हो," ती म्हणाली. "पाहुणीच."

"मग चला," तो म्हणाला, आणि हात पुढे करून तसाच हवेत ठेवला. "दाखवतो सगळं."

तिनं तो धरला.