केतकीच्या सुईत काय होतं?

केतकी सुतारच्या अंगावर चरबीचा लवलेश नव्हता. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या. तरीही तिचं रक्त तपासायला काढलं, की नळीत दुधासारखा पांढरा थर जमायचा. तो थर चरबीचा! अंगावर नाही, मग रक्तात कुठून आली?

"कोठारच नसेल तर धान्य ठेवणार कुठे?" डॉ. फिरदौस मुजावर म्हणाल्या. मिरजेच्या संशोधन केंद्रात केतकी त्यांना डॉक्टरमावशी म्हणायची. "चरबी साठवणाऱ्या पेशी (शरीराच्या अगदी बारीक विटा) तुझ्याकडे जन्मापासूनच नाहीत. म्हणून चरबी रक्तात, यकृतात, मिळेल तिथे शिरते. शिवाय त्याच पेशी लेप्टिन (साठा पुरेसा आहे, हा मेंदूला जाणारा निरोप) तयार करतात. तुझ्या मेंदूला तो निरोप मिळतच नाही. म्हणून जेवून उठलीस तरी भूक!"

नवं औषध स्नायूंना हा निरोप पाठवायला शिकवणार होतं. पण ते खरंच काम करतं का, हे पाहणाऱ्या चाचणीत निम्म्या मुलांना औषध मिळणार होतं आणि निम्म्यांना प्लासिबो (औषधासारखं दिसणारं साधं मिठाचं पाणी). नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू राहणार होते.

टोचायला यायचा सोबती नावाचा रोबो. केतकीने त्याला गाठलं.

"खरं सांग, माझ्या सुईत काय आहे?"

"मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. आम्हाला कळलं, तर आम्ही तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू."

केतकी रुसून बसली. पण आठवड्याभरात तिची भूक जरा कमी झाली. "आई, मला औषधच मिळालंय!" ती नाचली. पुढे मात्र भूक परतली, आणि नळीतला पांढरा थर होता तसाच राहिला.

"सोडायची का चाचणी? कधीही सोडता येते," आईने विचारलं.

केतकी म्हणाली, "राग आलाय मला. पण नको, पूर्ण करू."

चाचणी संपली. केतकीला साधं पाणीच मिळालं होतं.

"मग तेव्हा भूक कमी कशी झाली?"

"आशेनं," डॉक्टरमावशी म्हणाल्या. "तू खोटं बोलली नाहीस. पण तुझ्या एकटीच्या सांगण्यावर गेले असते, तर मी पाण्यालाच औषध म्हटलं असतं."

केतकीच्या कपाळावर आठी पडली. मग ती सावकाश म्हणाली, "आशा तर सगळ्यांनाच होती. तरी औषधवाल्यांचंच रक्त निवळलं असेल, तर ते काम औषधाचं!"

"शाब्बास! तसंच झालंय. आणि हे कळलं तुम्हा पाणीवाल्यांमुळे. आता औषध तुम्हा सगळ्यांना. पुढच्या वर्षी तुझ्याहून लहान मुलांसाठी चाचणी सुरू होईल."

औषध सुरू होऊन काही आठवडे झाले. एका दुपारी जेवता जेवता केतकी थबकली. घास हातातच राहिला.

"आई, लवकर ये! मला काहीतरी होतंय. पुढचा घास नकोसा वाटतोय."

आई धावत आली. तिने ताटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मटकन शेजारी बसली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "याला पोट भरणं म्हणतात."