प्रायोजित शांतता

सकाळी मी जुन्नरला गेलो ते फक्त रेडिओचे सेल आणायला. सगळी बाजारपेठ पालथी घातली, पण मोठे सेल कुठे मिळाले नाहीत. आता लाइट गेलीय, कंदील मधे ठेवून आपण दोघं बसलोय आणि तुम्ही विचारताय, एवढ्याशा सेलसाठी माझं तोंड का उतरलं. सांगतो. तुम्ही शहरातले पावणे, तुम्हाला आमच्या बिबट्यांची सवय नाही.

इथल्या ‘पाटपाणी एफएम’वर मी निवेदक होतो. सावळेराम शेठनी ते ओझरच्या वाटेवर, स्वतःच्या किराणा दुकानाच्या माडीवर सुरू केलं. नवी नाचरी गाणी आणि मधे टोमॅटोच्या बियाण्यांच्या, ट्रॅक्टरच्या जाहिराती. लोक आधी हसले. मग आमचा आवाज नाही असं शेत उरलं नाही. गाण्याच्या आवडीनं नव्हे, राव. माणसाचा आवाज चालू असला की बिबट्या उसातून पुढे येत नाही. बाया आधी बांधावर रेडिओ मोठा लावायच्या, मग कोयता हातात घ्यायच्या. शेठना ते ठाऊक होतं. एकवेळ चुकीचं गाणं लाव पण गप्प राहू नकोस, एवढीच त्यांची शिकवण.

शेठ गेले आणि मुलगा भरत मालक झाला. बापाला श्रद्धांजली म्हणून त्यानं भर दुपारी दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरवलं. त्या शांततेलाही त्यानं प्रायोजक गाठला, इतका तो हुशार. मी हातापाया पडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दोन मिनिटांत उसात तोडणीला असलेली साळुबाई गेली. रोज फोन करून फर्माईश सांगायची, मला भाऊ म्हणायची. बिबट्यानं तिला मानेला धरून सरीतून फरफटत नेलं. सापडली तेव्हा गळा उरलाच नव्हता. मी लहान पोरासारखा रडलो. भरत म्हणाला, योगायोग.

वर्षश्राद्धाला त्यानं पुन्हा तोच घाट घातला. उसात बाया होत्याच. मी दारात आडवा झालो, तर मला ढकलून तो स्टुडिओत शिरला आणि आतून कडी लावली. तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला.

“भाऊ...” आवाज साळुबाईचा होता, पण मधेच हवा सुटत होती. “त्येला सांगा... गप नगं राहू म्हनावं... त्यो आलाय...”

काचेतून पाहिलं. भरतनं आवाज बंद केला होता. हात जोडून, डोळे मिटून उभा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग त्याची मान खाडकन मागे गेली आणि काचेवर आतून रक्त उडालं. गळ्याचं मांस लचक्यानं निघालं. त्याला खुर्चीवरून, टेबलावरून ओढलं जात होतं. तो पाय झाडत होता, तोंड उघडत होता, आणि त्या बंद खोलीतून मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी काचेवर मुठी हाणत बोंबललो. तसं ओढणं थांबलं. देह धपकन खाली पडला.

दार फोडलं तेव्हा कडी आतूनच होती. फरशीवर उसाचं ओलं पाचट पसरलं होतं. त्या दिवशी उसात मात्र कुणाला ओरखडाही आला नाही.

स्टेशन कायमचं बंद झालं. तेव्हापासून मी कुठलं तरी दुसरं केंद्र लावून ठेवतो, झोपेतसुद्धा. आज दुपारी सेल संपले. तेव्हापासून बोलतोय, आधी गोठ्यातल्या म्हशीशी, मग तुमच्याशी. घसा पार बसलाय.

वारा पडलाय, तरी खिडकीखालचं पाचट मघापासून वाजतंय. आणि हा रेडिओ बघा... उघडून बघा, सेल नाहीत त्यात. तरी ती बोलतेय. “भाऊ... थांबू नगा...”

माझ्याच्यानं आता होत नाही, पावणं. तुम्ही बोला. काहीही बोला...