नंतरच्याची लाकडं

मला एक सांगा मुलांनो, अनोळखी डोंगरात विश्वास कुणावर ठेवायचा? मोबाइलमधल्या नकाशावर, पाठीवरच्या सामानावर, की रस्ता संपतो तिथं चहा उकळत बसलेल्या बाईवर? लगेच उत्तर देऊ नका. आधी शटर अर्धं खाली ओढा, गार वारा येतोय. आणि बसा त्या तंबूंच्या गुंडाळ्यांवर. उद्या पहाटे तुम्ही तळ्यावर निघणार. तिघांचं सामान बांधून झालंय, भाड्यात सूट तुम्ही केव्हाच पदरात पाडून घेतलीय, तेव्हा आता ही गोष्ट पुरती ऐकूनच जायचं.

मी पडलो तंबू, दोर, स्लीपिंग बॅगा भाड्यानं देणारा माणूस. शाळा सातवीतच सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माल परत आला की मी आधी वास घेतो, मग डोळ्यांनी बघतो. एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "काका, बॅग उघडलीसुद्धा नाही हो!" आत त्याचा मोजा निघाला. दुसरा तेव्हा त्याच्या पायातच होता. असो. सांगायचं एवढंच की ऐकीव गोष्टींवर भुलणारा मी नव्हे. ही गोष्ट माझ्या सख्ख्या भाच्याची आहे, आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

भाचा हुशार, पण कंजूष म्हणजे किती? कमी खर्चात फिरायचं आणि पाठीवर वजन नको, या दोन गोष्टींचं त्याला वेड. दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी कापून न्यायचा. पुस्तकाची वाचलेली पानं फाडून टाकायचा, वजन कमी होतं म्हणून. त्याच्याबरोबर त्याचा दोस्त असायचा, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हा भोंगा कधी गप्प बसायचा नाही. बसमध्ये चढला की मागच्या सीटवरच्या माणसालाही कळायचं, आलं कुणीतरी.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. सकाळी दोघं दुकानात आले.

"मामा, एक स्लीपिंग बॅग द्या."

"दोघं आहात ना रे? दोन घेऊन जा. तुझ्याकडून मी पैसे घेणार आहे का?"

"पैशाचं नाही हो मामा, वजनाचं! आळीपाळीनं झोपू."

भोंगा म्हणाला, "मामा, हा माझ्या आयुष्यातूनही अर्धी दांडी कापणार बघा एक दिवस!" खूप हसलो आम्ही त्यावर.

बसचा रस्ता जिथं संपतो तिथं चहाची टपरी आहे. तुम्हालाही लागेल उद्या. टपरीवाल्या मावशीनं चहा दिला आणि शेजारच्या ढिगातली एक मोळी पुढं केली.

"ही वर घेऊन जा."

"वर झोपडीत लाकडं असतात ना, मावशी?"

"असतात. कुणीतरी नेली म्हणून असतात. तळ्याच्या आसपास झाड नाही एकही."

"बरं, म्हणजे ही आम्ही रात्री जाळायची."

"ही ओली आहेत रे. तुला कुठली जळायला? तू जाळायचीस ती आधीच्यानं ठेवलेली, वाळलेली. ही मांडणीत ठेवायची. ही नंतरच्याची."

भाचा हसला. "म्हणजे वजन माझ्या पाठीवर आणि ऊब दुसऱ्याला! चांगला धंदा आहे, मावशी!"

"वर जाऊन आलास की सांग मला," एवढंच बोलून ती कप विसळायला लागली.

मोळी तिथंच राहिली.

दुपार कलताना दोघं तळ्यावर पोचले. तळं तुम्ही बघालच, मी काय वर्णन करू! तीन बाजूंनी डोंगर, आणि पाण्यात तेच डोंगर उलटे. काठाशी दगडी झोपडी. खोली एकच. मधोमध लोखंडी चूल, तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं. मागच्या भिंतीला लाकडांची मांडणी, अर्धीअधिक भरलेली. आणि ती मागची भिंत थेट पाण्यातून वर आलेली. भिंतीपलीकडं माणसाला उभं राहायला वीतभरही जागा नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

भोंगा फोटो काढायला काठावरच्या एका सपाट दगडावर गेला. दगडावर शेवाळ होतं. सॅकसकट पाण्यात. कमरेएवढंच पाणी, पण बर्फाचंच म्हणा. भाच्यानं हात देऊन ओढून काढला. कपडे भिजले, बूट भिजले, आणि ती एकुलती एक स्लीपिंग बॅगही भिजली, कारण ती भोंग्याच्या पाठीवर होती.

तोवर ऊन गेलं. परत खाली उतरायचं तर अंधारात, भिजलेल्या माणसाला घेऊन. ते शक्य नव्हतं. भाच्यानं त्याचे ओले कपडे काढले, आपले सगळे कोरडे त्याच्या अंगावर चढवले, आणि मांडणीतली तीन लाकडं घेऊन चूल पेटवली. भोंग्याचे दात वाजत होते, पण तोंड चालूच होतं. "बघ, दुसऱ्याच्या लाकडांवर जगतोय मी! मावशीला सांगू नकोस हं!"

तेवढ्यात आवाज आला.

"किती घेतलीस?"

भाच्याला वाटलं, भोंगाच विचारतोय. पण भोंगा दाराकडं बघत होता. म्हणाला, "कोण आहे रे बाहेर?"

दार उघडून पाहिलं. कुणी नाही. वाराही नाही. कुणी गुराखी असेल, असं म्हणून भाच्यानं मोठ्यानं उत्तर दिलं, "तीन!"

"बरं."

आणि तेव्हा त्याला कळलं, आवाज दाराकडून येत नव्हता. मागच्या भिंतीकडून येत होता. पाण्याकडून. मांडणीच्या अगदी पलीकडून. माणूस उभा असला तर जेवढ्या उंचीवरून येईल, तेवढ्याच उंचीवरून.

दोघं चुलीच्या आणखी जवळ सरकले. 

चूल मंदावली. आणखी दोन लाकडं लागली.

"किती घेतलीस?"

आवाज रागाचा नव्हता, बरं का. मी गिऱ्हाइकाला विचारतो ना, "खुंट्या किती नेल्या होत्यात?" तसा. साधा.

"…दोन."

"बरं. तेवढी परत आणशील."

आता इथं बघा काय झालं. भीती वाटली हे खरं, पण भाच्याच्या डोक्यात वजनाचा काटा हलायला लागला. पाच झाली. रात्र अजून सगळी उरलीय. एवढी लाकडं पाठीवर घेऊन हा डोंगर पुन्हा चढायचा? आणि विचारणारा जो कोणी आहे, तो काही आत येऊन मोजत नाहीये…

थंडी वाढली. भाच्यानं या वेळी चार लाकडं घेतली. आवाज न करता. एकेक उचलून.

"किती घेतलीस?"

"दोन."

भिंतीपलीकडून काही आलं नाही. 'बरं' नाही. पाण्याचा आवाज नाही. काहीच नाही.

भाच्यानं चार लाकडं चुलीत सारली. ती पेटली. ज्वाळा चांगली हातभर उठली. आणि… ऊब येईना. त्यानं हात जवळ नेला. अजून जवळ नेला. उजेड होता. ऊब नव्हती.

"अरे," भोंगा म्हणाला.

"काय?"

"डाव्या पायाची दोन बोटं… जाणवत नाहीयेत."

"चोळ."

"चोळतोय रे. माझी नाहीतच असं वाटतंय."

मग भोंगा बोलायचा थांबला.

भाचा मला सांगतो, मामा, मी त्या आवाजाला एवढा घाबरलो नाही, जेवढा भोंगा गप्प झाल्यावर घाबरलो. त्याचे दात वाजायचे थांबले. अंगाची थरथर थांबली. डोळे अर्धे मिटले. हलवलं तरी 'हूं' नाही. गारठलेल्या माणसाची थरथर थांबली की काय समजायचं, हे तुम्हाला शिकवलं असेलच.

चुलीत आग. आणि खोली गार.

भाचा उठला. मागच्या भिंतीपाशी गेला. मांडणीवर दोन्ही हात टेकले. दगड ओला होता. आतल्या बाजूनं.

"चार," तो म्हणाला.

काही नाही.

"चार घेतली होती! मी खोटं बोललो. चार!"

काही नाही…

"तो मरेल हो! त्यानं नाही, मी घेतली. माझ्या नावावर लावा. सगळी परत आणतो."

बराच वेळ गेला. मग भिंतीपलीकडून, अगदी त्याच्या कानाशी…

"दोन वळती झाली."

"म्हणजे?"

उत्तर आलं नाही.

पण मागं चूल फुटाण्यासारखी तडतडली, आणि ऊब आली. एकदम. जशी बंद दारामागं अडवून ठेवली होती.

त्यानंतर भाच्यानं आणखी तीन लाकडं घेतली. कुणी विचारलं नाही. तरी तो दर वेळी भिंतीकडं तोंड करून आकडा सांगत होता. पहाटेच्या सुमाराला भोंगा कण्हला. भाचा म्हणतो, जन्मात एवढं गोड काही ऐकलं नव्हतं.

सकाळी भाच्यानं त्याला अर्धा पाठीवर, अर्धा फरफटत खाली आणला. मावशीनं गाडी थांबवून दिली. भोंगा वाचला. डॉक्टर म्हणाले, डावा पाय थोडक्यात बचावला, पण दोन बोटं गेली.

आठवड्यानं भाचा दुकानात आला. चेहरा उतरलेला. "मामा, बारा लाकडं हवीत. कोरडी."

तेव्हा सगळं सांगितलं त्यानं.  मागच्या खोलीत एक जुनी फळी पडून होती, तिच्या एका कडेला हिरवा रंग. मी स्वतः करवत घेतली आणि फळीचे बारा तुकडे करून दिले, दुकानातल्या दोरानं बांधले. पोरगा एकटा वर गेला. बाराच्या बारा मांडणीत ठेवून त्याच दिवशी परत आला. रात्री इथं वरच्या खोलीत माझ्या शेजारी झोपला. जागचा हलला नाही, मला ठाऊक आहे, कारण मी रात्रभर जागाच होतो.

सकाळी मी हे शटर वर केलं.

पायरीवर दोन तुकडे होते. शेजारी शेजारी, नीट मांडलेले. हिरव्या कडेचे. माझ्या करवतीचे. आणि त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं.

ते बघा, त्या शेल्फवर, तराजूच्या मागं. हात लावून बघायचं तर बघा. तीन वर्षं झाली. अजून ओले आहेत.

भाच्याला अजूनही कळलेलं नाही, दोनच का परत आले. तो शब्द त्याला कळला नव्हता. मला मात्र तेव्हाच कळला. आमच्या धंद्यात एखाद्याकडून येणं असलं आणि त्याच्याकडून दुसरं काही आधीच आलेलं असलं, तर ते येण्यातून वजा करतात. त्यालाच वळतं करणं म्हणतात. वळतं झालेलं पुन्हा घेत नाहीत. घेतलंच चुकून, तर परत करतात. खरा व्यापारी असेल तर.

काय गं, अशी का बघतेस? … बोटं?

हो. दोनच.

चला, उठा आता, पहाटे निघायचंय. बाहेर तीन मोळ्या बांधून ठेवल्यात, एकेकाला एक. वजन आहे म्हणून कुरकुरू नका. आणि बाबांनो, वर रात्री कुणी विचारलं, किती घेतलीत… तर जेवढी घेतलीत तेवढीच सांगा. एवढं माझं ऐका. हिशेब खरा ठेवा.