टबातला आंजर्ल्याचा किनारा

"निहार, समुद्र कसा असतो रे?" जुईलीने धाकट्या भावाला विचारलं.

"गार आणि गुळगुळीत. काचेसारखा!" साडेतीन वर्षांचा निहार ठामपणे म्हणाला.

जुईली चक्रावली. चांद्रवस्तीतल्या त्यांच्या घरात भिंतभर पडदा होता. निहार त्यावर रोज समुद्र बघायचा. लाटा, खेकडे, होड्या, सगळी नावं त्याला पाठ. मग समुद्र काचेसारखा कसा?

तिने आजोबांना गाठलं. आबा मेंदूचे शास्त्रज्ञ होते. ते हसले नाहीत.

"तो इथेच जन्मला ना! पडद्याच्या काचेवर त्याच्या बोटांना जेवढा समुद्र भेटला, तेवढाच त्याने सांगितला."

जुईलीला एकदम आई आठवली. निहारला तीसुद्धा तशीच, पडद्यावरच भेटायची. समुद्री शेवाळाच्या अभ्यासासाठी आई दोन वर्षं कोकणात, आंजर्ल्याला होती. बोलणं रोज व्हायचं, पण निहार पडद्यावरच्या तिच्या गालावर थापटी मारून खेळायला पळायचा. पुढच्या यानाने ती परतणार होती. त्याने तिला परकंच मानलं तर?

"आबा, आपण त्याला समुद्र करून देऊ या?"

दोघांनी पसरट टब घेतला. जुईली चांद्रमाती आणायला निघाली, तसं आबांनी तिला थांबवलं. "इथे वारा नाही, वाहतं पाणी नाही. मातीचे कण झिजतच नाहीत, धारदार राहतात. हात कापतील."

मग त्यांनी वाळूसाठी रवा भाजला. अर्धा कोरडा ठेवला, अर्धा भिजवला. भिजवलेला सब्जा बुळबुळीत शेवाळ झाला. शिंपले त्रिमिती छपाईयंत्रावर घडवायचे ठरले, पण चित्र काढताना जुईली अडली. शिंपला आतून कसा असतो? पाच वर्षांची असताना तिने पृथ्वी सोडली होती. तिला आठवेना, आणि डोळे भरून आले.

"आतून गुळगुळीत, बाहेरून खरबरीत," आबा हळूच म्हणाले.

शेवटी निळं, खारट पाणी ओतलं. निहारने हात बुडवला आणि दचकून मागे घेतला. उडालेले थेंब चंद्रावरच्या रीतीप्रमाणे सावकाश खाली आले. त्याने पुन्हा हात घातला. मग ओला रवा मुठीत दाबला, नंतर कोरडा. "हा चिकटतो! हा नाही!"

"बघ," आबा म्हणाले, "त्याच्या त्वचेतले स्पर्शग्राहक (दाब, कंप, खरखर टिपणारे सूक्ष्म भाग) चेतातंतूंमधून (निरोप नेणाऱ्या धाग्यांमधून) मेंदूला कळवताहेत. डोळे, कान, हात यांचे निरोप एकत्र आले, की मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. या वयात असे जोड भराभर होतात. 'समुद्र' हा नुसता शब्द होता, आता त्याला अर्थ आला."

बोलता बोलता आबांचाच हात रव्यात गेला आणि तिथेच राहिला. "समुद्राचा वास तेवढा जमला नाही गं," ते पुटपुटले.

इतक्यात पडदा उजळला. आई! निहार रव्याने माखलेले हात घेऊन धावला. आज त्याने थापटी मारली नाही. स्वतःच्या तळव्याकडे बघत त्याने विचारलं, "आई, तुझा हात कसा आहे?"

प्रश्न पृथ्वीवर पोचला. आईने आपला तळवा निरखला.

"खाऱ्या पाण्याने खरखरीत झालाय रे. पण ऊबदार आहे."

"मग लवकर घेऊन ये," निहार म्हणाला.