महादेवरावांची ओसरी

काम तसं साधंच होतं. एक फोटो शोधायचा होता.

जानेफळच्या महादेवरावांनी आयुष्यभर लोकांचे फोटो काढले. आसपासच्या गावांत असं लग्न सापडायचं नाही, ज्यात ऐन माळ घालताना "इकडं पाहा, डोये मिटू नका" असं ते ओरडले नसतील. गावात भिंतीभिंतीवर हार घातलेल्या तसबिरी होत्या, त्याही त्यांच्याच हातच्या. आणि दिवाळीनंतर एका लग्नाचं शूटिंग आटोपून ते घरी आले, कॅमेरा खुंटीला अडकवला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेलेसुद्धा, तेव्हा लक्षात आलं की या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो घरात नाही. कुणी मोबाइल रोखला की "दे इकडं, तुले नाही जमत" म्हणून ते मोबाइलच काढून घ्यायचे. आधार कार्डावर एक होता. पण त्यात ते बकरी चोरताना सापडल्यासारखे दिसत होते. तो फोटो त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, साफ नाकारला.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्यावर खरबूज, पुढं पुरणपोळी आणि आंब्याचा रस. पाटावर त्या माणसाचा फोटो. ऊन डोक्यावर आलं की तो माणूस येतो, पाणी पितो, जेवतो आणि जातो, असं मानतात. महादेवरावांची ही पहिलीच आखाजी. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, दीपमाला. ती बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवायची, आदल्या दिवशी एसटीनं आली होती. निखाऱ्यावर बाबांच्या नावाचा घास तिनंच सोडावा असं कोकिळाबाईंनी भाऊबंदांना ठणकावून सांगितलं होतं.

सकाळी डाळ निवडता निवडता कोकिळाबाई हळूच म्हणाल्या, "दीपे, एक सांगू? हसशील."

"सांग ना."

"मले त्यायचा चेहरा आठवून नाही राह्यला. खोकला आठवते, चपलेचा आवाज आठवते. चेहरा डोयापुढं आणाले गेली का तिथं नुसता कॅमेराच दिसते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "ते आज येतीन अन् मी वयखलंच नाही तर?"

दीपमालाला हसू आलं नाही. आईला कवेत घेऊन ती म्हणाली, "बाबांच्या कॉम्प्युटरमधी असंन वं एखादा. पाहतेच मी." आणि मनाशी ठरवलं, की काही झालं तरी आज पाटावर बाबांचा चेहरा ठेवायचाच.

बाबांचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, म्हणजे स्टुडिओत होता. मध्ये अंगण, अंगणापलीकडे मधली खोली आणि स्वयंपाकघर. लॉकडाऊनमध्ये दीपमाला मधल्या खोलीतून ऑनलाइन शिकवायची, तेव्हा घरात वायफाय आलं. त्याआधी बापलेक पेन ड्राइव्ह घेऊन अंगणातून येरझारा घालायचे आणि तो पेन ड्राइव्ह हमखास कोकिळाबाईंच्या धुण्यात सापडायचा. शेवटी एका रविवारी दीपमालानं तिचा लॅपटॉप आणि बाबांचा कॉम्प्युटर वायफायवरून एकमेकांना जोडून दिले. एक फोल्डर शेअर केला. इकडून ठेवलेलं तिकडं दिसणार, तिकडून ठेवलेलं इकडं.

"म्हंजे ओसरीच की वं!" बाबा खूश झाले होते. "आल्यागेल्यानं ठेवावं, ज्याचं त्यानं उचलावं."

तेव्हापासून फोल्डरचं नाव ओसरी. तारेशिवाय वस्तू भिंतीपलीकडे जाते याचं महादेवरावांना इतकं कौतुक, की ओरडून सांगितल्याशिवाय ती पोचली असं त्यांना वाटायचंच नाही. "दीपे, ओसरीत टाकलं वं! उचल!" हे शेजारच्या चार घरांना ऐकू जायचं. मग तिनंही "उचललं!" म्हणून ओरडायचं. नाही ओरडली तर ते स्वतः अंगण ओलांडून विचारायला यायचे, म्हणजे वायफायचा उपयोग काय तो राहिलाच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या गळी कधी उतरली नाही. दुसऱ्यानं ठेवलेलं घ्यायचं तर कॉपी करावं, म्हणजे मूळ वस्तू जागेवर राहते, हे तिनं शंभरदा सांगितलं. ते कट करायचे. तिनं छापायला म्हणून ओसरीत ठेवलेली प्रश्नपत्रिका एकदा अशीच गडप झाली.

"उचललं म्हंजे उचललं," ते म्हणाले. "उचलूनही तिथंच राह्यलं, तर मंग उचललं काय?"

"बाबा, परत टाका बरं!" ती अंगणातून ओरडायची. आणि ते हसत हसत परत टाकायचे. एकदाही टाकलं नाही असं झालं नव्हतं.

तर ऊन चढल्यावर दीपमाला स्टुडिओत गेली. सहा महिन्यांची बंद खोली. गिऱ्हाइकांना भांग पाडायला लावलेला आरसा, मागचा निळा पडदा, खुंटीवरचा कॅमेरा. तिनं कॉम्प्युटर सुरू केला. डबा घरघरला, हिरवा दिवा लागला, पण स्क्रीन काळाच राहिला. वायर हलवून झाली, थापट्या मारून झाल्या. मग तिला आठवलं, स्क्रीन कशाला हवा? वायफाय आहे, ओसरी आहे. ती मधल्या खोलीत आली, लॅपटॉप उघडला. नेटवर्कवर बाबांचा कॉम्प्युटर दिसला आणि तिला भरूनच आलं. ओसरी जशीच्या तशी होती.

आत लोकांची लग्नं होती. बारशी, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो, कुणाच्या बैलाचा पोळ्याचा फोटो. बाबा कुठंच नव्हते. एका वरातीत त्यांची सावली तेवढी जमिनीवर पडली होती, हातात कॅमेरा धरलेली.

बाहेर गल्ली उन्हानं ओस पडली होती. कुत्रं भुंकत नव्हतं. कुठंतरी एक होला घुमत होता, तोही थांबला. अंगणात कोकिळाबाई घागरीत पाणी ओतत होत्या, तो आवाज आणि स्टुडिओतल्या डब्याची घरघर, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

आणि दीपमालाच्या डोळ्यांदेखत ओसरीत एक नवा फोटो आला.

तिनं तो उघडला. अंगण होतं. वाकून घागरीत पाणी ओतणारी आई होती, आजच नेसलेलं चॉकलेटी लुगडं, घागर अर्धी भरलेली. वर आभाळ जरा जास्तच सोडलेलं. ती बाबांची खोड होती. फोटो स्टुडिओच्या दारातून काढला होता.

तिनं मान वर केली. स्टुडिओचं दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं. आत अंधार होता, आणि उन्हाच्या झळीबरोबर एक वास अंगण ओलांडून येत होता. चुना आणि तंबाखू हातावर चोळल्याचा.

"आई..." ती म्हणाली. "तिकडं कोणी आलं होतं का?"

"कोन येते या उन्हात? काऊन वं?"

तेवढ्यात लाईट गेली. डोक्यावरचा पंखा मंद होत थांबला. वायफायच्या डब्यावरचे दिवे विझले. पुढच्या खोलीतली घरघर बंद पडली. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. ओसरी आता मिटायला हवी होती. कॉम्प्युटर बंद, वायफाय बंद. दीपमालानं दोनदा पाहिलं. ओसरी उघडीच होती.

मग अंगणापलीकडून, अगदी हळू, जणू शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून, आवाज आला.

"दीपे... ओसरीत टाकलं वं... उचल..."

दीपमालाला ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, त्या आवाजाकडे धावत जावंसंही वाटलं. ओसरीत दुसरा फोटो आला होता. तिनं तो उघडला.

महादेवराव पाटावर मांडी घालून बसले होते. मागं याच घराचं अंगण, शेजारी नवी लाल घागर. चष्मा नेहमीसारखा एका कानावर वर चढलेला, गालात तंबाखूचा फुगवटा, आणि डोळे सरळ समोर. आयुष्यात पहिल्यांदा ते कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि हसत होते.

"उचललं..." दीपमालाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मागं कोकिळाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि स्क्रीनवरून बोट फिरवलं, कपाळावरून, नाकावरून, वाकड्या चष्म्यावरून. "हाव," त्या म्हणाल्या. "हेच. हाच चेहरा होता, माय. मी कशी इसरली वं?" आणि त्या रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "चष्मा पाह्य कसा घातला. इतके दिवस झाले, कोनी सांगनारं नाही ना."

त्यांनी लॅपटॉपच उचलला आणि घागरीपुढच्या पाटावर ठेवला. ताट वाढलं. पुरणपोळी, रस, कुरडई. दीपमालानं निखाऱ्यावर घास सोडला. धूर सरळ वर न जाता स्टुडिओच्या दाराकडे गेला. वारा नव्हता.

"दीपे," कोकिळाबाई हळूच म्हणाल्या, नव्या नवरीसारख्या लाजून. "त्यायनं त्यायचा फोटो देल्ला. आपून काई नाही द्याचं? माहा एक काढ ना. टाक तुमच्या त्या ओसरीत."

आईचा तो चेहरा पाहून दीपमालाला नाही म्हणवेना. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा अशी हसली होती. लॅपटॉपच्याच कॅमेऱ्यानं तिनं फोटो काढला. आईनं पदर सारखा केला, डोळे मिटू नयेत म्हणून ते मोठे करून धरले. फोटो थेट ओसरीत ठेवला. बाबांच्या शेजारी आईचा फोटो छान दिसत होता. दीपमालाला रडू आणि हसू एकदमच आलं आणि ती स्टुडिओकडे तोंड करून पूर्वीसारखी ओरडली, "बाबा, टाकलं! उचला!"

"मी रस आनतो त्यायले आनखी," म्हणत कोकिळाबाई स्वयंपाकघरात गेल्या. नेहमीसारखा गुडघ्यावर हात न टेकता उठल्या, हे दीपमालाला नंतर आठवलं.

कारण तेव्हा ती ओसरीकडे बघत होती. आईचा फोटो तिथं नव्हता.

"उचललं..." पलीकडून आवाज आला. फार समाधानी आवाज होता.

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. बाबा कॉपी करत नाहीत. बाबांना कॉपी करता येत नाही. त्यांनी उचललेलं इकडं राहत नाही.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, परत टाका बरं."

तिनं फोल्डर बंद करून पुन्हा उघडला.

"बाबा... परत टाका ना... मले पाहिजे ती..."

ती थांबली. ओसरीत काही आलं नाही. तिनं बाबांचा फोटो पुन्हा उघडला. त्यांच्याकडे बघून, डोळ्यांत डोळे घालून मागावं, म्हणून. फोटो तोच होता. तीच घागर, तोच वाकडा चष्मा, तेच हसू. पण महादेवराव आता पाटाच्या मधोमध बसलेले नव्हते. ते एका बाजूला सरकले होते. पाटावर दुसऱ्या माणसापुरती जागा केली होती, आणि त्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात ठेवला होता, बसमध्ये आपल्या माणसासाठी जागा धरून ठेवतात तसा.

स्वयंपाकघरातून रस ढवळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. दीपमालानं आईला हाक मारायला तोंड उघडलं, पण तिच्याआधी आतून कोकिळाबाईंचाच आवाज आला. लाडिक, जरासा रागावलेला, दीपमालानं लहानपणी ऐकलेला.

"आली हो, आली. दम धरा थोडा."

दीपमालानं अजून हाक मारली नव्हती.