सहा चाळीसच्या बसमधली चिपा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आमच्या गावी, कोरोनेल बोगादोला यावं आणि लिब्रादाला विचारावं. ती सांगेलच असं नाही. मी तिची मावसबहीण, पण मलाही तिनं एकदाच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै, आमच्याकडे ऐन थंडीचा. चौदा तारीख. सकाळचे सहा चाळीस. हमरस्त्यावर पुलाजवळचा थांबा.

गवतावर दंव पडलं होतं. लिब्रादाच्या डोक्यावर टोपली, वर पांढरं फडकं, आत साठ गरम चिपा. कसावाच्या पिठात चीज, अंडी, बडीशेप मळायची, कडी वळायची आणि मातीच्या भट्टीत भाजायची. चिपा खाल्ल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा प्रवास होत नाही.

धंदा तिच्या आईचा, न्या प्लासिदाचा; न्या म्हणजे आमच्याकडे बाई. चाळीस वर्षं तीच या बसमध्ये पुलापाशी चढायची आणि पुढच्या गावी उतरायची.

तिला जाऊन बारा दिवस झाले होते.

लिब्रादानं त्या दिवशी पहिल्यांदाच एकटीनं भट्टी पेटवली होती.

बस आली. एलादियोनं दार उघडलं. गेली कित्येक वर्षं ही बस तोच चालवतो. आईच्या मातीलाही आला होता.

"बरं केलंस पोरी, आलीस ते," तो म्हणाला.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता. आरशातून मागे बघत होता...

लिब्रादा आत निघाली. "चिपा घ्या, गरम चिपा..."

कुणी हात पुढे केला नाही.

आई सांगायची, एरवी निम्मी टोपली इथंच रिकामी होते.

मग तिला बडीशेपेचा वास आला. तिच्या टोपलीतला नव्हे... सगळ्या बसमधून येत होता.

लोक खात होते. ज्याच्या त्याच्या हातात चिपा. वाफाळलेली.

तिनं खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. माणूस परगावचा होता.

"आजोबा, ही कुठून घेतलीत?"

"आत्ताच की. म्हातारी बाई होती. डोक्याला निळा रुमाल. तुझी कुणी लागते का गं?"

"कुठं चढली ती?"

"ते नाही बघितलं बुवा. डोळा लागला होता. उघडला तर समोर उभी."

लिब्रादानं वळून एलादियोकडे पाहिलं.

"एन्कार्नासिओनहून बस सुटल्यापासून तुझ्याआधी मी दार उघडलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण खोकला ऐकला. ओळखतो मी तो."

त्याच खोकल्यानं आई गेली होती.

म्हातारा सांगतच होता. "खोकत होती बिचारी. मी म्हटलं, बाई, या थंडीत तुम्ही कशाला? घरी कुणी नाही का? तर हसली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पोरगी आहे. जागीच होती, झोपेचं सोंग घेऊन पडली होती. म्हटलं, राहू दे. थंडी आहे."

लिब्रादा वाटेतच खाली बसली.

कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. ना मला, ना पाद्रीबाबांना.

जूनमधली ती पहाट. आईच्या अंगात ताप होता. तिनं दोनदा हाक मारली. "लिब्रादा... आज तू जातेस का?" लिब्रादानं ऐकलं. अंथरूण उबदार होतं. तिनं डोळे मिटून घेतले. आईनं तिच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि टोपली उचलून गेली.

परतली ती अंथरुणाला खिळली. पाचव्या दिवशी संपली.

म्हाताऱ्यानं आपल्या चिपाचा तुकडा मोडून तिला दिला. "खा बाळ. पांढरीफटक पडलीस."

तिनं खाल्ला. जरा जास्तच मीठ. आईचा हात.

पुढच्या गावी ती भरल्या टोपलीनिशी उतरली आणि दुपारपर्यंत तिथंच उभी राहिली.

आता तिचा धंदा चांगला चालतो. दोन भट्ट्या आहेत, कामाला बायका आहेत. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या बसमध्ये तिची चिपा जाते.

फक्त सहा चाळीसच्या बसमध्ये ती कुणाला चढू देत नाही.

"ती आईची," एवढंच म्हणते.

एलादियो सांगतो, थंडीत अजूनही काही माणसं उतरताना कपड्यांवरचा चुरा झटकतात. कुणाकडून घेतली, हे त्यानं विचारायचं सोडून दिलंय.

मी एकदा लिब्रादाला म्हटलं, "तू एकदा चढून बघ ना. भेटेलही."

ती पीठ मळत राहिली.

"भेटली तर रागावणार नाही गं ती. तेच मला सोसायचं नाही."

मागच्या आठवड्यात पुन्हा दंव पडलं. माझं घर पुलाला लागूनच. साडेसहाच्या सुमारास चुलीवर पाणी ठेवत होते...

थांब्याकडून खोकला ऐकू आला.

एकदा. मग पुन्हा.

मी खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून मनाला चैन नाही. भीती तर वाटतेच. पण त्या थंडीत बाहेर कुणीतरी उभं होतं, आणि मी खिडकी लावून घेतली.