हसू ओसरतानाचा क्षण

सांगलीच्या त्या नाट्यगृहात प्रेक्षक बसला की खुर्ची त्याचे श्वास मोजू लागे. हसू फुटण्याआधी माणूस श्वास रोखतो, हे सुनेत्रा बोधनकरला हैबतमामांनी शिकवलं होतं. मामांचा जन्म तमाशात सोंगाड्या म्हणून हसवण्यात गेला होता. हसवण्याची कला यंत्राला शिकवता येते का हे पाहण्यासाठी सुनेत्रा वर्षभर त्यांच्याशी आणि इतर विनोदवीरांशी बोलत होती.

एकदा मामा म्हणाले होते, "ताई, हसून झालं की माणूस जरा बेसावध असतोय. तेव्हा काय बी सांगा, त्याला ते आपलंच वाटतं. म्हणून आम्ही तिथं गप बसतो."

सुनेत्राने नेमकी तीच जागा तपासायची ठरवली. तिच्या 'हास्यवेध' यंत्राने रचलेले विनोद मामांनी रंगमंचावर सांगितले. एक मोठा हशा ओसरत असताना, यंत्राने खुर्च्यांनी मोजलेल्या श्वासांवरून ओळखून मामांच्या कानात खूण केली त्या क्षणी, डावीकडचं दार काही बरं नाही, असं ते सहज बोलून गेले.

प्रयोग संपला. दोन्ही दारं सताड उघडी होती, पण सगळे उजव्या दाराशी दाटले. सुनेत्राने कारण विचारलं. कुणी म्हणालं, गाडी त्या बाजूला आहे. कुणी म्हणालं, तिकडे गार वारा येतो. मामांचं वाक्य एकालाही आठवत नव्हतं. एका बाईला न्यायला आलेला नवरा डावीकडे वळला, तर तिने त्याचा दंड घट्ट धरला. तिने त्याला मागे ओढलं.

मामांनी कानातलं यंत्र काढलं. "पुसून टाका हे. आम्ही माणसाला हसवून सोडून द्यायचो. हे सोडत नाही."

सुनेत्राही घाबरली होती. यंत्राची एक प्रत पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीने तपासायला नेली होती. ती परत आणून सगळं पुसून टाकीन, असा शब्द देऊन ती दुसऱ्या दिवशी निघाली.

संध्याकाळी मामांनी फोन केला. करार झाला, असं तिने शांतपणे सांगितलं. निवडणुकीआधी हास्यवेध गावोगाव जाणार होतं. मामांनी तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली, तेव्हा ती म्हणाली की तिची भीती उगाच होती. नीट विचार करून तिनेच हे ठरवलं.

मामांनी विचारलं, "ताई, तिथं कुणी तुम्हाला हसवलं का?"

"खूप," ती म्हणाली आणि थबकली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "पण मामा, मला हे मनापासून पटलंय. उजव्या दाराशी दाटलेल्या त्या लोकांनाही असंच वाटत होतं का?"